घट आणि ढाल : नव्या पदार्थांविषयीच्या लेखनाची भाषा

शास्त्रीय लेखनाची समीक्षा त्या त्या शास्त्राच्या जाणकारांनीच करावी, असा आपल्याकडे संकेत आहे. आणि प्रयोगाच्या खरेखोटेपणापुरता तो योग्यही आहे. परंतु प्रयोगशाळेतील निष्कर्ष कागदावर उतरतो तो शब्दांच्या द्वारा, आणि शब्द ही कोणत्याही एका शास्त्राची खासगी मालमत्ता नव्हे. एखाद्या संज्ञेने काय सांगितले, काय सुचविले आणि काय झाकले, हे पाहण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकास आहे. किंबहुना ते त्याचे कामच आहे. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारे घट आणि विद्युत्-चुंबकीय तरंगांना अडविणारी आवरणे या दोन कामांसाठी नवेनवे पदार्थ शोधण्याविषयीचे लेखन गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर विपुल झाले आहे. त्याचे पडसाद मराठी वृत्तपत्रांत, नियतकालिकांत व पाठ्यपुस्तकांतही उमटू लागले आहेत. या लेखनाच्या भाषेचे परीक्षण करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सौर घटाचे काम व आवरणाचे काम ही वरवर पाहता परस्परविरुद्ध आहेत. घटाने किरणास आत घ्यावे. आवरणाने तरंगास बाहेर ठेवावे. परंतु भौतिकीच्या दृष्टीने प्रकाश आणि रेडिओ-तरंग ही एकाच कुळातील भावंडे होत. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रोमीटर, तर घरगुती मायक्रोवेव्ह भट्टीतील तरंगाची सुमारे १२ सेंटिमीटर; भेद आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे. त्या भट्टीच्या दारावरील जाळीतून आतील अन्न दिसते, परंतु आतील तरंग बाहेर येत नाही. कारण जाळीचे छिद्र प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे प्रचंड आणि त्या दुसऱ्या तरंगापुढे नगण्य असते. एकाच वस्तूने प्रकाशास वाट द्यावी आणि रेडिओ-तरंगास अडवावे, ही अपेक्षा त्यामुळे असंभवनीय नाही. इंडियम टिन ऑक्साइडचा पातळ थर विजेचा वाहकही असतो व पारदर्शकही असतो. म्हणून तो घटाच्या पुढील बाजूस विद्युत्-अग्र म्हणून आणि अन्यत्र पारदर्शक आवरण म्हणून, अशा दोन्ही कामी येतो. तेव्हा ही दोन कामे एका शीर्षकात एकत्र आली म्हणजे तो दोषच, असे म्हणता येणार नाही. दोष कोठे सुरू होतो ते क्रमाने पाहू.

१. नावांचा प्रवास

प्रथम ‘पेरोव्हस्काइट’ हे नाव घेऊ. उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचा अभ्यास करून गुस्टाफ रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८३९ साली त्यास लेव पेरोव्हस्की या रशियन सरदाराचे नाव दिले. ते खनिज म्हणजे कॅल्शियम टायटॅनेट. योगायोग असा की, प्रकाशामुळे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो ही गोष्ट एदमाँ बेक्रेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने नोंदविली तीही १८३९ सालीच. पुढे त्या खनिजाची स्फटिकरचना ज्या ज्या संयुगांत आढळली त्या सर्वांस तेच नाव लागले. १९५८ साली क्रिस्टियान म्योलर यांस सीझियम व शिसे यांच्या हॅलाइडांत ती रचना आढळली. १९७८ साली डीटर वेबर यांनी सीझियमच्या जागी मेथिलअमोनियम हा सेंद्रिय घटक बसवून तशीच रचना मिळविली. एका व्यक्तीचे नाव खनिजाचे झाले आणि खनिजाचे नाव रचनेचे झाले. तिळापासून निघते ते तेल, या मूळ अर्थापासून ‘तेल’ शब्द जसा सर्व स्निग्ध द्रवांपर्यंत पोहोचला, तसाच हा अर्थविस्तार होय.

परंतु २००९ नंतर प्रवाह उलटा फिरला. त्या वर्षी जपानमध्ये त्सुतोमु मियासाका व त्यांचे सहकारी यांनी अशा संयुगाचा सौर घटात उपयोग करून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळविली, आणि थोड्याच वर्षांत ‘पेरोव्हस्काइट’ म्हणजे शिशाचे हॅलाइड असलेला विशिष्ट प्रकाशशोषक पदार्थ, असे समीकरण होऊन बसले. ‘मृग’ म्हणजे कोणताही पशू होता, तो पुढे हरिणापुरता उरला. तसाच हा अर्थसंकोच. अर्थ विस्तारणे किंवा आकसणे यात भाषेचा अपराध नाही. अडचण येते ती दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात नांदू लागतात तेव्हा. ‘पेरोव्हस्काइट हे निसर्गात सापडणारे खनिज आहे’ हे वाक्य खरे आहे आणि ‘पेरोव्हस्काइटपासून उत्तम सौर घट बनतात’ हेही खरे आहे. परंतु दोहोंतील पेरोव्हस्काइट एक नव्हे. ही वाक्ये शेजारी मांडली की वाचक आपोआप अनुमान काढतो की, उत्तम घटाचा पदार्थ डोंगरात खणून मिळतो. तर्कशास्त्रात ज्याला वाक्छल म्हणतात तो येथे कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय घडून येतो.

याच कुळातील दुसरे नाव मूळ संशोधनपत्रांतून आले आहे. २००९ च्या त्या लेखात या संयुगांस ‘ऑर्गॅनोमेटल हॅलाइड’ म्हटले होते. रसायनशास्त्राच्या रूढ परिभाषेत धातू व कार्बन यांचा प्रत्यक्ष बंध असेल तरच ‘ऑर्गॅनोमेटॅलिक’ हे विशेषण लागते. या संयुगांत तसा बंध नाही. सेंद्रिय आयन आणि धातूचा आयन तेथे एका स्फटिकात शेजारी राहतात, एवढेच. म्हणून पुढील लेखकांनी ‘संकर’ किंवा ‘धातू हॅलाइड’ अशी नावे पसंत केली, ते योग्यच झाले. परंतु या तिन्ही नावांत एक साम्य आहे: धातू कोणता ते त्यांत सांगितलेले नाही. तो धातू बहुधा शिसे असतो. नेमके ‘शिशाचे हॅलाइड’ असे लिहिणारे लेखकही आहेत; परंतु शीर्षकात शिशाचा उल्लेख हटकून येतो तो ‘शिसेविरहित’ या रूपात, म्हणजे ते नसते तेव्हा. असते तेव्हा मौन आणि नसते तेव्हा घोषणा, हा क्रम व्याकरणाच्या अभ्यासकास परिचित आहे. जे गृहीत असते त्यास चिन्ह लागत नाही. परंतु विषारी धातूचे अस्तित्व ही गृहीत धरून सोडून देण्याची बाब नव्हे. पन्नास वर्षांनी तो फुटका पत्रा कोणत्या उकिरड्यावर पडेल याची चिंता करणाऱ्या वाचकास ते चिन्ह हवे आहे.

‘मॅक्झीन’ या नावाची घडण याहून मनोवेधक आहे. २०११ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठात मायकेल नगीब, मिशेल बारसूम व युरी गोगोत्सी यांच्या गटाने हे पदार्थ प्रथम पुढे आणले. मूळ स्तरित पदार्थास ‘मॅक्स’ म्हणत. त्यातील ‘एम’ म्हणजे धातू, ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियमसारखे मूलद्रव्य आणि ‘एक्स’ म्हणजे कार्बन किंवा नायट्रोजन. हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाने त्यातील ॲल्युमिनियमचे थर विरघळवून काढले की टायटॅनियम कार्बाइडचे अतिपातळ पापुद्रे उरतात. पदार्थातून ‘ए’ चा थर गेला तसे नावातूनही ‘ए’ हे अक्षर गेले, आणि शेवटी ‘ईन’ हा प्रत्यय लागला. प्रयोगाची कृती शब्दाच्या व्युत्पत्तीत अशी जशीच्या तशी उतरल्याचे उदाहरण विरळा.

तो प्रत्ययही पाहण्याजोगा आहे. सेंद्रिय रसायनात ‘ईन’ कार्बनच्या दुहेरी बंधाची खूण होती. ‘ग्रॅफीन’ या नावात तो प्रत्यय ग्रॅफाइटच्या एका थरास लागला, तेव्हाही कार्बनी बंधाशी त्याचे नाते होते. परंतु २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफीनचा सुटा थर मिळविल्यानंतर ‘ईन’ चा अर्थ ‘अतिपातळ पापुद्रा’ एवढाच उरला, आणि सिलिसीन, फॉस्फोरीन, मॅक्झीन अशी नावांची माळ तयार झाली. मराठीत हा प्रत्यय भाषांतरित करण्याचा मोह टाळावा. नाव लिप्यंतरितच ठेवावे, पण प्रथम उल्लेखात त्याची घडण एका वाक्यात उलगडून सांगावी. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास ते एक वाक्य दहा व्याख्यांहून उपयोगी पडेल.

मॅक्झीनच्या सूत्रलेखनाविषयी मात्र एक आक्षेप नोंदविला पाहिजे. टायटॅनियम व कार्बन यांच्या संख्या निश्चित लिहून झाल्यावर शेवटी ‘टी’ आणि त्याच्या पायाशी बारीक ‘एक्स’ लिहितात. पापुद्र्याच्या पृष्ठभागावर चिकटलेले ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल, फ्ल्युओरीन इत्यादी गट त्या ‘टी’ ने दर्शविले जातात आणि त्यांचे प्रमाण निश्चित नाही हे ‘एक्स’ ने. आता या पदार्थाची वाहकता, पाण्यातील वर्तन आणि आयुष्य ही पुष्कळ अंशी त्या पृष्ठभागावर अवलंबून असतात; दमट हवेत व पाण्यात त्याचे हळूहळू टायटॅनियम डायऑक्साइड होत जाते, हेही ज्ञात आहे. म्हणजे ज्या गोष्टीवर पदार्थाचे भवितव्य ठरावयाचे ती सूत्राच्या सर्वांत लहान अक्षरात बसविली आहे. ही प्रामाणिक संदिग्धता आहे, हे मान्य. परंतु सूत्र वाचणारास निश्चित अंक मोठे दिसतात आणि अनिश्चित अंश बारीक दिसतो, हेही तितकेच खरे.

२. दोन ‘कार्यक्षमता’

आता मराठी लेखनातील सर्वांत मोठ्या घोटाळ्याकडे वळू. सौर घटाची ‘एफिशियन्सी’ आणि आवरणाची ‘इफेक्टिव्हनेस’ या दोहोंस आपले भाषांतरकार ‘कार्यक्षमता’ हा एकच शब्द योजतात. या दोन राशी एका जातीच्या नाहीत.

घटाची कार्यक्षमता म्हणजे पडलेल्या प्रकाशशक्तीपैकी किती भागाची वीज झाली त्याचे शेकडा प्रमाण. १९५४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअरसन यांनी केलेल्या सिलिकॉन घटाची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९६१ साली शॉकली व क्वाइसर यांनी दाखवून दिले की, एकेरी घटास मूलभूत कारणांमुळेच एक कमाल मर्यादा आहे. ती ३० टक्क्यांच्या आसपास, अनुकूल पदार्थास ३३ टक्क्यांच्या थोडी वर येते. आज पेरोव्हस्काइटच्या एकेरी घटांची प्रमाणित कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या वर आणि सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट रचलेल्या जोडघटांची ३४ टक्क्यांच्या वर गेली आहे. येथे वीसाचे पंचवीस झाले म्हणजे वीज सव्वापट झाली, एवढा सरळ हिशेब आहे.

आवरणाची गोष्ट वेगळी. तेथे राशी डेसिबेलमध्ये, म्हणजे लघुगणकाच्या मापाने मोजतात. २० डेसिबेल म्हणजे शंभरातील एक भाग पलीकडे गेला. ३० म्हणजे हजारातील एक. ४० म्हणजे दहा हजारांतील एक. येथे वीसाचे तीस झाले म्हणजे गळती दहा पटींनी घटली. हीच माहिती शेकड्यात सांगितली तर ९९, ९९.९ आणि ९९.९९ असे आकडे येतात व सामान्य वाचकास ते सारखेच वाटतात. म्हणजे डेसिबेल न समजता वाचले तर फरक लहान दिसतो आणि टक्क्यांत वाचले तर तो दिसतच नाही. माझी सूचना अशी की, ‘कार्यक्षमता’ हा शब्द घटापुरताच राखून ठेवावा आणि आवरणाच्या बाबतीत ‘रोधनमान’ असा स्वतंत्र शब्द वापरून त्यापुढे डेसिबेल हे एकक न चुकता लिहावे.

घटाच्या कार्यक्षमतेच्या आकड्यासही पोटात एक अट असते. तो आकडा प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश, अशा प्रमाणित स्थितीतला असतो. विदर्भातील मे महिन्यात छपरावरील घटाचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. सिलिकॉन घटाची शक्ती दर अंशामागे तिच्या सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. ४० अंशांच्या फरकाने ती १२ ते १६ टक्क्यांनी कमी होईल. सौर कृषिपंप घेणाऱ्या शेतकऱ्यास ही अट सांगितल्याशिवाय नुसता आकडा सांगणे म्हणजे अर्धे वाक्य बोलणे होय. तसेच ‘स्थिर’ या शब्दाचे. रूढ सिलिकॉन फलकांना साधारणतः २५ वर्षांची हमी दिली जाते. पेरोव्हस्काइटच्या लेखांत ‘स्थिर’ याचा अर्थ कोठे ५०० तास तर कोठे १००० तास असा असतो, आणि ते तासही कधी अंधारात, कधी प्रकाशात, कधी ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत मोजलेले असतात. २०२० साली जगातील अनेक संशोधकांनी एकत्र येऊन या चाचण्यांच्या नोंदीविषयी समान संकेत प्रसिद्ध केले, याचे कारणच हे की एका विशेषणाखाली अनेक अर्थ साठले होते. ‘स्थिर’ हे विशेषण परिमाणाशिवाय वापरू नये, एवढा धडा मराठी लेखकाने त्यातून घ्यावा.

३. ‘शोषणप्रधान’ या विशेषणाची चिकित्सा

आवरणासंबंधीच्या लेखांत एक विशेषण फार आवडीचे झाले आहे: ‘शोषणप्रधान’. त्यामागील युक्तिवाद असा. धातूचा पत्रा तरंगास परावर्तित करतो. तो तरंग परत फिरून दुसऱ्या यंत्रास उपद्रव देतो. म्हणून तरंग गिळून टाकणारा पदार्थ श्रेष्ठ. युक्तिवाद निर्दोष आहे. प्रश्न असा की, शोषण प्रधान आहे हे ठरविले कसे?

रोधनमानाचे दोन मुख्य भाग करतात: परावर्तनाचा वाटा आणि शोषणाचा वाटा, दोन्ही डेसिबेलमध्ये. समजा, पडलेल्या शक्तीपैकी ९० टक्के शक्ती पदार्थाच्या पृष्ठभागावरूनच परत गेली. लघुगणकाच्या हिशेबाने परावर्तनाचा वाटा भरतो १० डेसिबेल. उरलेली १० टक्के शक्ती आत शिरली आणि तिचा दहा कोटींतील केवळ एक भाग पलीकडे निघाला; म्हणजे शोषणाचा वाटा ८० डेसिबेल. एकूण ९०. आता लेखक लिहितो की, ९० पैकी ८० शोषणामुळे, म्हणून पदार्थ शोषणप्रधान. परंतु प्रत्यक्षात शंभरातील नव्वद भाग शक्ती परतच गेली आहे! शोषली गेली ती फक्त दहा भाग. शोषणाचा डेसिबेल हा ‘आत शिरलेल्यापैकी’ मोजलेला असतो, ‘पडलेल्यापैकी’ नव्हे. आणि हे ‘पैकी’ कशाचे ते वाक्यात न सांगितल्यामुळे अर्थ उलटा होतो. ज्या पदार्थाने उपद्रवी तरंगाचे नऊदशांश परत पाठविले, त्यास ‘उपद्रव न देणारा’ म्हणून पुरस्कारिले जाते. या क्षेत्रातील जाणकारांनीही हा दोष दाखविला आहे. तरी विशेषण चालूच आहे, कारण ते सोयीचे आहे.

‘पैकी’ हा मराठीचा एक समर्थ शब्द आहे. तो समग्राचे नाव मागतो. इंग्रजीत ‘ॲब्सॉर्प्शन’ हे नाम एकटे उभे राहू शकते. मराठीत ‘शोषण’ लिहिताना ‘कशापैकी किती’ असा प्रश्न आपण विचारू लागलो तर हा घोटाळा आपल्या लेखनात तरी शिरणार नाही. आणखी एक बारकावा. शोषण हे घटातही इष्ट व आवरणातही इष्ट. पण घटात शोषलेल्या प्रकाशाची वीज व्हावी लागते, आवरणात शोषलेल्या तरंगाची उष्णता होते. एकाच लेखात एकाच पदार्थाचे ‘उत्तम शोषण’ दोन्हींकडे गुण म्हणून मोजताना त्या शोषणाचे पुढे काय होते, हे सांगणे अवश्य आहे.

२०१६ साली ड्रेक्सेलच्या व दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी मॅक्झीनच्या ४५ मायक्रोमीटर जाडीच्या पापुद्र्याचे रोधनमान ९२ डेसिबेल असल्याचे प्रसिद्ध केले. सुमारे १५८ कोटी भागांतील एक भाग पलीकडे गेला, असा त्याचा अर्थ. येथे जाडी आकड्यासोबतच सांगितलेली आहे, हे प्रशंसनीय होय. परंतु हा आकडा पुढे ज्या लेखांत उद्धृत होतो तेथे त्याचे खरे मर्म हरवते. एक गिगाहर्ट्‌झ वारंवारतेस तांब्यात तरंग सुमारे २ मायक्रोमीटर खोलीवर क्षीण होऊ लागतो, आणि अशा प्रत्येक खोलीस सुमारे ८.७ डेसिबेल शोषण मिळते. म्हणजे साधा तांब्याचा पातळ पत्राही रोधनमानात मागे नाही. मॅक्झीनचे वैशिष्ट्य आहे ते असे की, ते हलके व लवचिक असून पाण्यात कालवून रंगासारखे फवारता येते. पराक्रम कृतीत आहे. अवतरण मात्र आकड्याचे होते.

यातूनच रोधनमानास घनतेने व जाडीने भागण्याची प्रथा बळावली. तुलनेसाठी ती सोयीची आहे. परंतु शोषणाचा वाटा जाडीबरोबर वाढतो, परावर्तनाचा तसा वाढत नाही. त्यामुळे पदार्थ जितका पातळ करावा तितका भागाकार फुगतो. आणि ज्या पापुद्र्याने तरंग धड अडतही नाही त्याचा आकडा सर्वांत मोठा येतो. उंचीने भागून मनुष्याचे बळ ठरवू लागलो तर बुटका मल्ल अजिंक्य ठरेल, तशातली ही गत आहे. भागाकार द्यावा, पण मूळ संख्या त्याच वाक्यात द्यावी.

४. ‘साठी’ हा शब्द

आता शीर्षकांतील एका लहान शब्दाविषयी. ‘सौर घटांसाठी व विद्युत्-चुंबकीय आवरणांसाठी’ अशी जोड शीर्षके या वाङ्मयात पुष्कळ आढळतात. ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय हेतू दाखविते. ‘पेरणीसाठी बियाणे’ म्हटले की ते बियाणे पेरावयाचे आहे, असे समजते. परंतु अशा शीर्षकाखालील लेखात बहुधा इतकेच केलेले असते की, एक पापुद्रा तयार केला, तो कोणता प्रकाश शोषतो ते मोजले आणि त्याची वाहकता मोजली. घट बनविलेला नसतो. आवरण कोणत्याही यंत्रावर चढविलेले नसते. मोजला गुण, सांगितला उपयोग. गुणापासून उपयोगापर्यंतचे अंतर ‘साठी’ या दोन अक्षरांनी एका उडीत कापले जाते.

सर्वच जोड शीर्षके पोकळ आहेत, असे मात्र नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कार्यात मॅक्झीन प्रत्यक्ष पेरोव्हस्काइट घटात मिसळून त्यातील विद्युत्-सीमा अनुकूल केल्या आणि २० टक्क्यांवर कार्यक्षमता मिळविली. तेथे ‘साठी’ खरा आहे, कारण घट केला आणि मोजला. २०१२ सालचे उदाहरण अधिक बोलके आहे. २००९ मध्ये पेरोव्हस्काइटला ‘संवेदक’ म्हटले होते. म्हणजे तो प्रकाश टिपतो व आपले इलेक्ट्रॉन शेजारच्या टायटॅनियम ऑक्साइडकडे सोपवितो, असे मानले होते. हेन्री स्नेथ यांच्या गटाने मियासाका यांच्यासह त्या वाहक ऑक्साइडच्या जागी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा निर्वाहक सांगाडा योजला. तरी घट चालला आणि कार्यक्षमता १०.९ टक्के भरली. सोपविण्यास कोणी शेजारी नव्हता, तेव्हा पेरोव्हस्काइट स्वतःच विद्युत् वाहून नेतो हे सिद्ध झाले, आणि ‘संवेदक’ हा शब्द मागे पडला. प्रयोगाने शब्द दुरुस्त केला. शास्त्रीय भाषेचा खरा आदर्श हाच. शब्दाने प्रयोगाच्या पुढे धावावे, हा त्याचा विपर्यास.

मराठीत येताना आणखी एक गळती होते. मूळ लेखात ‘शक्यता आहे’, ‘होऊ शकेल’ असे संभावनार्थक क्रियारूप असते. बातमीत ते ‘होणार’ बनते. मराठीत संभावना दाखविण्याची साधने विपुल आहेत. ‘होईल’, ‘होऊ शकेल’, ‘व्हावे’, ‘झाल्यास’, ‘होण्याचा संभव आहे’ यांतील प्रत्येकाची छटा निराळी आहे. साधने असूनही ती न वापरणे हे भाषेचे दारिद्र्य नव्हे, लेखकाचे आहे.

५. मराठी संज्ञांविषयी

‘सौर घट’ या संज्ञेवर आक्षेप घेतला जातो की, घट म्हणजे पात्र, आणि सौर घटात काही साठत नाही. आक्षेपात तथ्य आहे; सौर फलक ‘ऊन साठवितो’ अशी समजूत सर्रास आढळते. तरीही मी हा शब्द राखण्याच्या पक्षाचा आहे. १८३६ सालचा डॅनियलचा घट खरोखर पात्रच होता. १८३९ चा बेक्रेलचा प्रयोग द्रवात बुडविलेल्या विद्युत्-अग्रांवरच झाला. आणि २००९ च्या पेरोव्हस्काइट घटातही द्रव होता. शब्दात इतिहास आहे. फक्त पाठ्यपुस्तकात प्रथम उल्लेखास ‘हा घट वीज निर्माण करतो, साठवीत नाही’ एवढे वाक्य जोडावे.

‘शील्डिंग’ साठी कोशांतून ‘परिरक्षण’ हा शब्द सुचविला जातो. परंतु फळे व अन्नपदार्थ टिकविण्यासही आपण परिरक्षणच म्हणतो, तेव्हा तो येथे अडचणीचा आहे. ‘कवच’ हा शब्द अधिक सुबोध. पण कर्णाच्या कवचकुंडलांपासून तो देहरक्षणाशी बांधलेला आहे, आणि धोका नेमका येथेच आहे. या आवरणांचे मुख्य काम एका यंत्राचा दुसऱ्या यंत्रास होणारा व्यत्यय रोखणे हे आहे: विमानातील उपकरणे, रुग्णालयातील यंत्रे, सौर वीज घरातील विजेत रूपांतरित करणारी उपकरणे यांचा परस्परांस होणारा उपद्रव. ‘किरणोत्सर्गापासून कवच’ असे लिहिले की वाचकाचे मन भ्रमणध्वनीवर चिकटविण्याच्या चकत्यांकडे वळते. अशा वस्तूंविषयी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ग्राहकांना सावध केले आहे. त्यांचा उपयोग सिद्ध नाही. उलट संदेश अडला तर भ्रमणध्वनी तो पोचविण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो. एका संज्ञेच्या सैल निवडीमुळे शास्त्राची प्रतिष्ठा भोंदू मालास मिळावी, ही क्षुल्लक बाब नव्हे. म्हणून ‘तरंगरोधक आवरण’ हा काहीसा लांब पण निरुपद्रवी शब्द मी पसंत करतो. तसेच ‘इंटरफिअरन्स’ साठी प्रकाशशास्त्रातील ‘व्यतिकरण’ येथे आणू नये. तेथे दोन तरंगांच्या मिलनाचा विचार असतो, येथे उपद्रवाचा. येथे ‘व्यत्यय’ हाच शब्द योग्य.

‘दिग्दर्शन’ १८४० साली निघाले तेव्हापासून मराठीने शास्त्रीय विषय हाताळले आहेत. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासून आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे कार्य करीत आली. या परंपरेत शब्द घडविण्याची हौस व शक्ती दोन्ही दिसतात. आज उणीव भासते ती वाक्याच्या शिस्तीची. कोणते मान, कशापैकी, किती काळ, कोणत्या स्थितीत आणि वस्तू प्रत्यक्ष केली की नुसता गुण मोजला, या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या परिच्छेदात आहेत तो परिच्छेद साध्या शब्दांतही शास्त्रीय ठरेल. ती नसतील तर कितीही संस्कृतप्रचुर संज्ञा त्यास तारणार नाहीत. हे नवे पदार्थ उद्या आपल्या छपरांवर व शेतांत येतील किंवा येणार नाहीत. परंतु त्यांविषयीचे लेखन आजच आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आले आहे. त्याची पारख करण्याचे काम भाषेच्या विभागांनी आपले मानावे, अशी या लेखामागील अपेक्षा आहे.